कुंडीत ओतलेलं अर्धं

प्रिय आनिबाल,

पूर्वी मी तुला अहोजाहो करायचे. आता या वयात तेवढा दम उरलेला नाही, म्हणून सरळ अरेतुरेवर येते. मी पासो ओंदो गावची हर्मिनिया, टपालकचेरीशेजारचं घर, दारात जिरेनियमच्या कुंड्या. रेल्वेसाठी जमीन मोजायला तू पेरूहून आमच्याकडे आला होतास, तेव्हा पहिल्याच दिवशी त्या कुंड्यांना अडखळून पडला होतास. आठवत नसेल तर वाचणं इथंच थांबव आणि पत्र शेगडीत घाल.

आधी माझी खबर. मी कवयित्री झाले हे तुला ठाऊक आहे. तुझ्या कपाटात माझी सगळी पुस्तकं आहेत असं मला खात्रीलायक कळलंय. गुडघे गेले, दात गेले, कीर्ती तेवढी राहिली. माझ्या सगळ्या कवितांत तोंड फिरवून घोडागाडीत बसलेला एक दगडाच्या काळजाचा माणूस आहे. तो कोण, यावर अजून खल चालतो. राजधानीतल्या, मोंतेविदेओच्या विद्वानांनी ठरवलं की तो मृत्यू आहे. इथल्या शाळेच्या बाईंच्या मते तो देश आहे. आमचे औषधवाले सेन्योर एव्हारिस्तो मात्र विषय निघाला की मिशीवरून हात फिरवत नुसते उसासा टाकतात. त्यांनी आयुष्यात मला खोकल्याच्या औषधाखेरीज काही दिलेलं नाही, पण फुकटचा मोठेपणा कुणाला नको असतो? त्यांची बायको परवा बेकरीत मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, की काही बायकांना स्वतःचा नवरा मिळत नाही, म्हणून त्या दुसऱ्यांचे नवरे कवितेत घालतात. तिच्या नवऱ्यावर चार ओळी जुळवायच्या म्हटलं तर यमकसुद्धा रुसून बसेल.

तो माणूस तू आहेस. मृत्यू नाही, देश नाही, जमीन मोजणारा आनिबाल.

तुझा इथला शेवटचा रविवार आठव. मी तुंबीत, आमच्या त्या भोपळ्याच्या पेल्यात, येर्बाच्या चहाची पानं भरली, गरम पाणी ओतलं, मध घातला, संत्र्याची साल घातली. आमच्याकडे मुलीनं मध आणि साल घालून तुंबी पुढं केली की तिच्या बाजूनं बोलायचं काही शिल्लक राहत नाही. मुलाच्या मनात असेल तर तो चांदीच्या नळीतून तळापर्यंत ओढतो, शेवटी नळी घुर्र वाजते आणि घरचे कोकरू कापायला घेतात. त्या दिवशी भिंतीपलीकडे आई, बाबा आणि मावशी कानांत प्राण आणून बसले होते. मावशीनं तर आवाज नको म्हणून कोंबड्या पोत्याखाली झाकल्या होत्या. आणि तू काय केलंस? अर्धं प्यालास. मग खिशातून इस्त्रीचा रुमाल काढलास, नळी स्वच्छ पुसलीस आणि तुंबी हसत हसत माझ्या हातात दिलीस. इथं नळी पुसणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडाची किळस दाखवणं. उरलेलं मी जिरेनियमच्या कुंडीत ओतलं आणि आत निघून गेले.

बाबा एवढंच म्हणाले, "अर्धं टाकलं, वर पुसूनही दिलं. इतका स्वच्छ नकार वकीलसुद्धा लिहून देणार नाही."

दुसऱ्या दिवशी तू गेलास. मी पुष्कळ रडले, मग रडायचा कंटाळा आला म्हणून लिहायला बसले. पहिल्याच पुस्तकाला बक्षीस मिळालं, तेव्हा बाबा म्हणाले की त्या मोजणीवाल्याला एक कोकरू पाठवायला हवं.

गेल्या महिन्यात तुमच्या पेरूतल्या लिमाहून एक मुलगी आली. माझ्या कवितांवर प्रबंध लिहितेय, नाव रेमेदियोस. कुणाही पाहुण्याला देते तशी मी तिला तुंबी दिली. ती अर्धं प्याली, मग तिनं रुमाल काढला, नळी पुसली आणि तुंबी मला परत दिली. माझं डोकंच फिरलं. लिमात आईबाप पोरांना काही वळण लावतात की नाही, असं मी तिला तोंडावर विचारलं. पोर गोरीमोरी झाली.

म्हणाली, "आमचे आनिबालकाका सांगतात, गोड लागलं तर अर्धं समोरच्यासाठी ठेवावं, आणि उष्टं देऊ नये, पुसून द्यावं. त्यांनी एका मुलीसाठी असंच ठेवलं होतं. तिनं ते त्यांच्यादेखत कुंडीत ओतलं. मग काकांनी लग्नच केलं नाही."

मी इतकी हसले की तिनं घाबरून पाणी आणलं. पाणी पिताना मला रडू आलं आणि ते काही केल्या थांबेना. आपला अख्खा संसार एका फुलझाडानं पिऊन टाकला, आनिबाल. त्या वर्षी जिरेनियम अमाप फुललं होतं, हेही तुला सांगायला हवं.

तेव्हापासून माझी एक ओळ लिहून होत नाही. दगडाच्या काळजाचा माणूस रुमालवाला निघाला, आता मी शिव्या कुणाला घालू? पण कवितेचं जाऊ दे, तिनं माझ्याकडून पुरेसं काम करून घेतलंय. पत्ता रेमेदियोसनं दिला, आणि पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी की तू ये. तू आखलेल्या रुळांवरून गाडी अजून येते. मध आणून ठेवलाय, साल वाळत घातली आहे. भिंतीपलीकडे ऐकायला आईबाबा राहिले नाहीत, म्हणून औषधवाल्यांच्या बायकोला बोलावणार आहे. तू आपला अर्धंच पी, पुसून दे, मला चालेल. उरलेलं मी पिईन आणि नळी मीच वाजवेन. कुंड्या परसात नेऊन ठेवल्यात.

तुझीच, आणि अर्धी नव्हे,
हर्मिनिया