केशरची खेप

पप्पूच्या हातातून लुगडं सोडवून माझ्या मुलीने, मंजुषाने, ते पेटीत टाकलं आणि मी पेटीवर बसले. तो अजून ओट्यावरच आहे. "मामी, मामाची आठवण हाय ती. तुमची एकटीची न्हाई," असं तिथूनच म्हणतो आहे. म्हणून हा कागद आजच लिहिते.

मी केशरबाई सटवा मिसाळ, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड. बुद्धी ठिकाणावर आहे, डोळ्यांना दिसतं. डावा पाय जन्मापासून आखूड आहे; त्याचा या कागदाशी संबंध आहे म्हणून लिहिला. हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून केलेलं नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही.

माझे पती सटवा तमाशात सोंगाड्याचं काम करत. लिंबागणेशच्या जत्रेपासून ऊसतोडीच्या तळापर्यंत माणसं त्यांच्यावर जीव टाकत. सगळ्यांत आवडती नक्कल म्हणजे 'केशरची खेप'. ते माझं हिरवं इरकली लुगडं नेसत, माझ्यासारखं आडवं कुंकू लावत, कमरेवर हंडा घेत आणि माझ्यासारखे लंगडत, नवऱ्याला शिव्या देत पाणी आणत. वाटेत सगळं सांडायचं. हंडा उतरवला की रिकामा. एवढंच होतं. गेवराईच्या बाजारात मी भाजी घ्यायला वाकले की मागून कुणीतरी म्हणे, "सांडू नको गं, केशर."

ते वारले तेव्हा तालुक्याने मोबाईलवर तीच खेप लावली; खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. चौकात फलक लागला, तोही लुगड्यातला. घरात बायका माझं कुंकू पुसत होत्या तेव्हा चौकात त्यांच्या कपाळावर माझं कुंकू होतं, आणि त्याला हार घातला होता.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मंजुषाला अंतर देणार नाही, म्हणून झालं. केशरला सांभाळू, म्हणून झालं. कावळा लिंबावरून हलेना. मग माजी सरपंच विजयसिंह म्हणाले, "सटवाचा जीव खेपंत अडकलाय. पप्पू, घे हंडा." पप्पू माझ्या नणंदेचा मुलगा. त्याने टॉवेलचा पदर घेतला आणि माझ्या समोरून लंगडत गेला. ढोलकीवाले अजिनाथ तेवढे उठून निघून गेले. कावळा खाली आला.

"बघा वहिनी," विजयसिंह म्हणाले, "कावळ्यालाबी तुमचीच खेप लागती."

दहाव्याला आलेली माणसं हसली. मी पदर तोंडावर घेतला. घरी जाताना ती एकमेकांना सांगत होती, केशर बी हसली.

माझ्या पश्चात व्यवस्था अशी.

राहतं घर व मागची मोकळी जागा मुलगी मंजुषा हिला. जावयाने तिथे राहावं, मत देऊ नये. घराला एक अट आहे, ती शेवटी लिहिली आहे.

पतीची घुंगरं अजिनाथ यांना, उठून गेल्याबद्दल.

विजयसिंह यांना काही नाही. माझ्या मयतीत त्यांनी भाषण करू नये. केलंच तर लोकांनी पाठ फिरवावी. लोक फिरवणार नाहीत, हे मला माहीत आहे.

हिरवं लुगडं. पप्पूने लिंबागणेशच्या जत्रेत भाड्याची साडी नेसून खेप केली तेव्हा मागून आवाज आला, "ही कुणाची बायको बे?" तेव्हापासून त्याला माझंच लुगडं पाहिजे. ते माझ्या अंगावर नेसवून मला जाळावं. विधवेला हिरवं चालत नाही असं कुणी म्हटलं तर त्याला चौकातला फलक दाखवावा.

माझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही तर त्याला काहीही कबूल करू नये. दर्भाचा कावळाही करू नये. पिंड वाळू द्यावा. माझी इच्छा राहिलेलीच आहे, ती राहू द्यावी.

आता अट. पतींना शेवटच्या वर्षी लकवा झाला. डावी बाजू गेली. आम्ही दोघंही डाव्या पायाने लंगडत होतो. आपल्याला असं कुणी बघू नये म्हणून त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. मी दार लावून घेतलं. आत, खाटेपासून मोरीपर्यंत, मी त्यांना त्यांचीच चाल करून दाखवत असे. लोंबता हात, वाकडं तोंड, लाळ पुसणं, "केशर, धर की गं" म्हणणं. ते रडत. मी म्हणे, "हसा की. सगळा तालुका हसतो." याचं मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

ही सटवाची खेप मी मंजुषाला शिकवली आहे. माझ्यामागे कुणी केशरची खेप केली, तर तिने त्याच ठिकाणी, लगेच, ही करावी. न केल्यास घर ग्रामपंचायतीला जाईल.

हे वाचून दाखवलं तेव्हा मंजुषा म्हणाली, "आई, बाप हाय माझा."

"आन् मी?"

ती उठली आणि खाटेपासून मोरीपर्यंत करून दाखवली. पप्पूला कळावं म्हणून मी त्याला दारात बोलावलं होतं.

"मामी, मामाचं असं कावून करता?"

"माझं करताना इचारलंस का, कावून?"

 मंजुषाला मी पुन्हा करायला लावलं. या वेळी तो उंबऱ्यावर उकिडवा बसला आणि नीट बघत राहिला.

"ताई, मामाचा हात आत वळला व्हता का भाईर?"

मंजुषाने माझ्याकडे पाहिलं.

"आत," मी म्हटलं.

तो लुगडं न मागता गेला.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचून पाहिला, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

केशरबाई सटवा मिसाळ (सही)

साक्षीदार: बंकट म्हाळू आघाव (सही), पंडित गहिनीनाथ सानप (सही). दोघांनी मला सही करताना पाहिलं. दोघांनी खेपही पाहिलेली आहे.

उमापूर, ११ फेब्रुवारी २०२५

दुसऱ्या दिवशी सकाळची नोंद. पप्पूने चौकात फलकाखाली सटवाची खेप केली. लुगडं लागलं नाही. लोक फार हसले. विजयसिंहांनी ती पुन्हा करायला लावली. मी भरलेला हंडा घेऊन त्यांच्या मधून घरी आले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.