तुलनेचं रक्त

४ मे, मोहगाव

पोचली बापा एकदाची! सौंसरपासून ड्रायव्हर गजेंद्रनं जीप अशी हाणली का हाडं खिळखिळी झाली, पण मूड फर्स्टक्लास. नागपूरच्या प्रयोगशाळेत लागून महिनाच झाला, अन् पहिलंच काम हे: इथल्या एका घराण्यातल्या चौदा जणांचं रक्त घ्यायचं. खोलीही त्यांच्याच घरी मिळाली. घरच्या पंचफुलाबाईंनी दारातच माझे पाय धुतले, माहेरी आलेल्या लेकीचे धुतात तसे. मी लाजून राहिली होती अन् त्या माझ्या तळपायाची उंच कमान पाहत बसल्या.

ऋतुजा, माझी पाच वर्षांची चिमणी, पांढुर्ण्याला तिच्या बाबाजवळ आहे. अभिजीतला सांगितलं, आठ दिवसांत येते.

५ मे

बाईंच्या मोठ्या मुलाला, गुणवंतादादांना, काम समजावलं. एचएसपीबी१ नावाचा जीन शरीरात एक मदतनीस प्रथिन बनवते. उष्णतेनं बाकीची प्रथिनं विस्कटली का हे धावून जाते, त्यांना सांभाळते, त्यांचा गोळा होऊ देत नाही. या घरात तेच बिघडलेलं. चाळिशीच्या आसपास पायाच्या नसा सुकतात, पाऊल उचलत नाही, फरशीवर आपटते. थप्. दादांचे वडील भैय्याजी तसेच चालायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

तुलनेसाठी नात्याबाहेरच्या एका निरोगी माणसाचं रक्त लागते. गजेंद्र सुई पाहून जीपमागं लपला, एवढा मोठा गडी! मग मीच माझं दिलं अन् नळीवर लिहिलं: निरोगी.

८ मे

दुपारी दोनला सारं घर पलंगावर पाय वर घेऊन बसते. भैय्याजींची फेरी असते म्हणे. मला हसू आलं. अन् मग ओसरीतून खरंच आवाज आला. थप्. थप्. पाहिलं तर कोणी नाही. गजेंद्र तिथंच टरबूज खात बसला होता, त्याला काहीच ऐकू आलं नाही.

११ मे

रोज येते. पंचफुलाबाईंना विचारलं. त्या म्हणे, त्यांना कधीच ऐकू आलं नाही, सासरे गेल्यावर त्यांची फेरी असायची तेव्हाही नाही. फक्त या घराच्या रक्ताला ऐकू येते. एवढं बोलून माझ्याकडे पाहून रडायलाच लागल्या. भल्ला राग आला मला.

१४ मे

रिपोर्ट आला. निरोगी लिहिलेल्या नळीतही तोच बिघाड. नळ्या बदलल्या असतील, दुसरं काय? पुन्हा रक्त पाठवलं. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत इथून हलत नाही.

१७ मे

पुन्हा तेच. म्हणूनच पंचफुलाबाई माझ्या तळपायाची उंच कमान पाहत होत्या, या रोगाची पहिली खूण तीच.

माझ्या बाबांना फोन केला. आधी ऋतुजाचंच विचारत राहिले. मग सांगितलं: आजी याच घरची लेक. सोयरिक मोडू नये म्हणून तिच्या माहेरचं नावच लपवलं होतं. बाबांचा स्वतःचा पाय आपटते, त्याला गठियाचा वात म्हणत आले. माझ्या लग्नातही तोंड उघडलं नाही. काहून बाबा? काहून?

ऋतुजात असण्याची शक्यता अर्धी. मी तिला सुई टोचू देणार नाही. अन् इथं तर आणणारच नाही. इथं तिला ऐकू आलं तर — नाही.

१८ मे

दीड वाजला. अभिजीत आला. ऋतुजाला घेऊन. मी फोन उचलत नव्हती म्हणून.

आत्ताच निघू म्हटलं. हात जोडले. तो म्हणे, एवढ्या उन्हात लेकराला कुठं नेतं, जेवून जाऊ. कारण सांगताच येत नाही मला —

एक पन्नास. लिहून राहिली, नाही तर ओरडीन. ऋतुजा पलंगावर चित्र काढून राहिली.

दोन. ओसरीत —

अभिजीत ताक पिऊन राहिला. त्याला काही नाही. देवा, तिलाही नको. माझं घे, तिला —

थप्. दारात.

पेन्सिल थांबली. ऋतुजानं मान वर —