हत्तींचं चक्र आणि तीन लाल ठिपके

विश्रामबाग, सांगली
सोमवार, २२ एप्रिल २०२४

सौ. अबोलीस,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. पत्र कशासाठी आहे हे आधी ठरू दे, मग बघू.

इकडे आम्ही ठीक. आईला चौऱ्याऐंशी पुरी झाली. गुडघे सोडले तर सगळं चालतं, जीभ तर जरा जास्तच. तुझ्या आईची, रंगूमावशींची, तब्येत कशी आहे? हे रीत म्हणून विचारत नाहीये, खरंच कळव.

फोन केला नाही, कारण तुझा नंबर माझ्याकडे नाही आणि तो मागायचा म्हणजे आधी कुणाला तरी कारण सांगायचं. पत्ता तुझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरचा आहे. ती पत्रिका तू पाठवलीस तेव्हाही मला संशय आला होता, की बोलावतेयस की दाखवतेयस. म्हणून आले नाही.

काल मात्र साताऱ्याला येऊन गेले. तुला भेटायला नव्हे. त्या सुमंत नावाच्या गृहस्थांनी जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन भरवलंय, ते बघायला. ज्या भोवऱ्यांवरून आपण एकमेकींच्या झिंज्या ओढल्या, ते आता काचेच्या पेटीत दिव्याखाली बसलेत. सेल्युलॉइडची एक बाहुली बारा हजारांची. तिचा एक डोळा मिटत नाही म्हणून बारा, मिटला असता तर वीस. माणसांचीही किंमत डोळे मिटल्यावरच वाढते, तसंच म्हणायचं.

आणि मधल्या पेटीत हत्तींचं चक्र. टिनाचे चार हत्ती, वर लाल-पिवळी छत्री, कुशीत चावी.

“जपानी आहे, मॅडम,” सुमंत म्हणाले. पांढरे हातमोजे घातले होते त्यांनी, जणू हत्तींचं ऑपरेशनच करायचं होतं. “परवा पुण्याचे एक जण ऐंशी हजार देत होते. पण बाई ऐकायलाच तयार नाहीत.”

पेटीखाली कार्ड होतं आणि अक्षर तुझं. अजून ‘झ’ तसाच काढतेस, पोटात दुखल्यासारखा. ‘हे खेळणे माझे नाही. ज्यांचे आहे त्यांनी घेऊन जावे. अबोली, सातारा.’

ऐंशी हजारांवर पाणी सोडणाऱ्या माणसांची मला भीती वाटते. लोभी माणसाचं सगळं कळतं, ह्यांचं काहीच कळत नाही. म्हणून सरळ विचारते. ते कार्ड कुणासाठी लावलंयस? त्रेचाळीस वर्षं गप्प बसून आता चार लोकांत ‘घेऊन जा’ म्हणतेस, ते कशासाठी? आम्हाला तिथे बोलवायचं आणि मग काय सांगायचं आहे?

तू विसरली असशील म्हणून लिहिते. (विसरलेली नाहीस, मला माहीत आहे.) एक्क्याऐंशी सालची चैत्रगौर. वाईला तुमच्या ओसरीवर नऊ पायऱ्यांची आरास. आळीतल्या प्रत्येक घरातून खेळणी मागून आणायची, आणि कुणाचं कुठलं हे कळावं म्हणून तळाला खूण करायची. बयाबाईंकडचा पांढरा दोरा, तुमचा काजळाचा ठिपका, आमचे नेलपॉलिशचे तीन लाल ठिपके. चक्र आमचं. मामानं एडनहून आणलेलं, कपाटाबाहेर वर्षातून एकदाच यायचं. मला हात लावायची परवानगी नव्हती आणि तू पाटावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक बाईला चावी देऊन दाखवत होतीस. “आमचं चक्र बघा, आमचं चक्र!”

आमचं म्हणे.

संध्याकाळी चक्र पायरीवर नव्हतं. हातात आंब्याच्या डाळीची वाटी घेऊन आई सगळ्या बायकांसमोर मावशींना म्हणाली, “रंगू, मागितलं असतंस तर दिलं असतं. चोरायला कशाला हवं होतं?” त्यानंतर आपल्या दोन घरांमधली भिंत होती तेवढीच राहिली, पण दार बंद झालं.

आता ह्या पत्राचं खरं काम सांगते. आमच्याकडे आईला बघायला राणी येते, पलूसकडची आहे. कुणीतरी प्रदर्शनाचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवलेत, ते तिनं आईला दाखवले. मी काल साताऱ्याहून परतले तर राणी दारातच उभी.

“आवं ताई, आजी लय तापल्यात. ‘माझं चक्र घावलं’ म्हनत्यात. रविवारी साताऱ्याला जायचंच, गाडी सांगा म्हनत्यात.”

आत गेले तर आई म्हणाली, “त्या रंगूला तिथेच बोलवायचं. तेव्हाही चार बायकांत विचारलं होतं, आताही चार माणसांतच विचारणार.”

मावशींना आता एक्क्याऐंशी की ब्याऐंशी? त्या वयात पुन्हा एकदा सगळ्यांदेखत चोर. तेव्हा रविवारच्या आत ते चक्र तिथून काढ. कुठेही ठेव, पुण्याच्या माणसाला विकून टाक, पण काढ. इतकंच लिहायला बसले होते. इथे सही करून पाकीट चिकटवलं असतं तर चाललं असतं.

चहा करून आले. पाकीट अजून उघडंच आहे.

काल मी सुमंतांना म्हटलं, जरा उलटं करून दाखवता का? त्यांनी तान्ह्या पोराला धरावं तसं धरून उलटं केलं. “बघा, कोरं! एक ओरखडा नाही. म्हणून तर ही किंमत.”

तळाला एकही ठिपका नव्हता. लाल नाही, काळा नाही.

 पण खरं सांगू, त्यांनी उलटं करण्याआधीच मला माहीत होतं की ते आमचं नाही. अख्ख्या साताऱ्यात हे ठाऊक असलेली मी एकटीच. असं मला काल दुपारपर्यंत वाटत होतं.

आमचं चक्र मी नेलं, अबोली.

बायका पन्हं पीत होत्या, तू आत ओट्यांचे हरभरे आणायला गेली होतीस. परकरात गुंडाळून घाटावर नेलं. एकदाच, एकटीनं फिरवायचं आणि परत ठेवायचं. खालच्या पायरीवर ठेवून चावी दिली. अजून थोडी, अजून थोडी. आतून ‘कट’ असा आवाज आला आणि चारही हत्ती थांबले. हलवलं, थापटलं, फुंकर मारली. मग घाबरून डोहात सोडून दिलं. दहा वर्षांच्या मुलीला नदी म्हणजे सगळं पोटात घालणारी वाटते.

आणि लग्न होऊन आले कुठे, तर सांगलीला. तीच कृष्णा, खालच्या अंगाला. टिन बुडतं, शंभर मैल वाहत येत नाही, एवढं शास्त्र मला कळतं. तरी एकोणीसच्या पुरात आमच्या नदीकाठच्या जुन्या घरात पाणी शिरलं तेव्हा लोक गाद्या आणि टीव्ही माडीवर नेत होते, आणि मी जिन्यात उभी राहून गढूळ पाण्यात बघत होते. यजमान ओरडले, “अगं काय शोधतेस?” काय सांगणार? हत्ती?

आता तो प्रश्न, ज्याच्याभोवती मी मघापासून त्या हत्तींसारखी फिरतेय.

घाटावरून परत आले तेव्हा माझा परकर गुडघ्यापर्यंत ओला होता. ओसरीवर पहिल्यांदा रंगूमावशीच भेटल्या. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पदरानं माझे पाय पुसले. “सर्दी होईल गं,” म्हणाल्या. दहा मिनिटांनी आई त्यांना चोर म्हणाली. तेव्हा त्यांनी आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. 

त्यांना ठाऊक होतं ना? तेव्हाच?

हे तू मला लिहू नकोस. उत्तर मला कालच मिळालंय, त्या कोऱ्या तळावर. त्याच पावसाळ्यात तुमच्या ओसरीवरचं शिलाईचं मशीन गेलं. मावशी सगळ्यांना सांगायच्या, भाच्याला हवं होतं म्हणून दिलं. पुढची किती वर्षं त्या आळीचे ब्लाउज हातानं शिवत होत्या, आणि आई म्हणायची, “बघा, देवानं बरोबर केलं.” आता कळलं, मशीन कुठे गेलं आणि त्याच्या बदल्यात काय आलं. तसंच दुसरं चक्र त्यांनी कुठून आणि कसं पैदा केलं, देव जाणे.

कारण श्रावणात त्या आमच्या दारी आल्या होत्या, दोनदा. पदराखाली पिशवी. पहिल्यांदा आईनं आतून सांगितलं, “नाही म्हणून सांग.” मी सांगितलं. दुसऱ्यांदा आई खरंच घरात नव्हती. मावशींनी पिशवी पुढे केली. “उमे, तू तरी घे. आईला म्हणावं, आराशीच्या सामानात सापडलं.”

पिशवीत काय आहे ते मी विचारलं नाही. मला वाटलं, त्या सगळं सांगायलाच आल्यात. दार लावून घेतलं. त्या मला सोडवायला आल्या होत्या, आणि मी कडीसुद्धा घातली.

इतकी वर्षं मला सगळ्यांचा संशय येतो. दूधवाला पाणी घालतो, सून मागे बोलते, तू पत्रिका पाठवतेस तर हिणवायलाच. यजमान म्हणतात, तुझ्या जिभेला धार आहे. धार कुठल्या दगडावर लागली, ते त्यांना सांगितलं नाही.

तेव्हा वर लिहिलेलं रद्द समज. खोडत नाही, माझी लायकी तुलाही दिसू दे. चक्र काढू नकोस, कार्डही राहू दे. रविवारी अकरापर्यंत आईला घेऊन येते. त्याआधी शनिवारी तिला मीच सगळं सांगणार आहे. ती काय करील सांगता येत नाही. कदाचित माझ्याशी बोलणं टाकील, तिला त्याचा सराव आहे. तरी तिला गाडीत घालून आणीन. तेव्हा सगळ्यांदेखत झालं होतं, आताही सगळ्यांदेखतच व्हायला हवं. पण बोलणार मी.

मावशींना एक खुर्ची ठेव, पंख्याखाली. आणि त्यांना एवढंच सांग, की पिशवी बरोबर आणा. या वेळी मी हात पुढे करीन.

त्यांना साष्टांग. तुला काय, ते रविवारी तुझं तोंड बघून ठरवीन.

ओल्या परकराची,
उमा