गुलाबीच्या पोटी पांढरं

सौभाग्यवतीस दुरून आशीर्वाद.

मी लेकीकडे नीट पोचलो, वेळेवर जेवतो, गुडघाही शहाण्यासारखा वागतोय. तुझी पाठ कशी आहे? जड उचलू नकोस.

लेकीला चौथा महिना. नातीचं अंग पुन्हा दुखतंय, मी शेक देत बसतो. पोटातल्या बाळालाही नातीसारखाच रक्तातला सिकलसेलचा आजार आहे का, ते तपासणीच्या निकालातून महिनाअखेरीस कळेल.

आपल्या नर्सरीतली फुलं आठव. तांबड्या-पांढऱ्याचा संकर केला की सगळी गुलाबी येतात, कुठलाच रंग हरत नाही. पण गुलाबीला गुलाबी दिलं, की चारांत एक तांबडं, दोन गुलाबी आणि एक पांढरं. लेक-जावई रक्तानं गुलाबी, अर्धा दोष घेऊन धडधाकट. नात तेवढी पांढरी निघाली.

काल विहीणबाई म्हणाल्या, "चारांतलं एक वाईट होऊन गेलं, आता पुढची तीन चांगलीच!"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही जन्मभर बिया पेरल्यात. असंच असतं ना हो?"

अगं, कुठलंही बी मागच्या बीला विचारून उगवत नाही. एकाच वाफ्यात ओळीनं तीन पांढरी आलेली मी पाहिलीत. तरी "हो गं बाई" म्हणून बसलो, आणि पोरगी कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

वेळेवर जेवतो असं वर लिहिलं खरं, पण तेव्हापासून मी ताटावरून तसाच उठतो. निकालाआधी तिला खरं सांगायलाच हवं. कसं सांगू, ते उलट टपाली लिही. तू आई आहेस.

तुझा,
घाबरलेला नर्सरीवाला