मीटरचा हिरवा दिवा

३ ऑगस्ट, रविवार
ओढ्याचं पाणी दोन दिवस घरात होतं, गुडघाभर. काल ओसरलं. नम्रता पोरीला घेऊन खर्डीला माहेरी गेली. पोरीला दम लागतो, आणि ती झोपते ती आतली खोलीच ओली. जाताना म्हणाली, भिंती सुकल्याशिवाय मी येणार नाय. गणपती सत्तावीसला. चोवीस दिवस आहेत. आरामात होईल.

५ ऑगस्ट, मंगळवार
शहापूरला अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग केलं. ‘पाणी शिरलेल्या घराची सुरक्षित दुरुस्ती’. सर्टिफिकेट लगेच लॅमिनेट केलं. अख्ख्या शेणवे गावात असा मी एकटाच. शिकवणाऱ्या मॅडमचा पहिला नियम : आधी मेन स्विच बंद, मग घरात पाऊल. घरी येऊन ओल्या बोर्डाला हात लावून पाहिला. हात कोपरापर्यंत बधिर. नियम बरोबर आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार
गावातल्या चांगोला बोलावलं. आतल्या खोलीचा कूड त्यानेच घातलेला, कारवीच्या काठ्या आणि वर मातीचं लिंपण. नखाने खरवडून म्हणाला, पाण्याची खूण हाय तिच्या हातभर वरपर्यंत माती काढ. कारवी उघडी ठेव, वारा लागू दे. दसऱ्यानंतर लिंपू. ट्रेनिंगमध्ये मॅडमने दिलेल्या कागदावरही हेच लिहिलंय. पण मॅडमना आमचा गणपती कुठे माहीत? उघड्या काठ्यांत बाप्पा बसवू, गोठ्यात बसवल्यासारखा? शिवाय चांगोकडे सर्टिफिकेट नाही. चहा न देता पाठवला.

९ ऑगस्ट, शनिवार
ऋतिक गवंड्याकडून सिमेंटचं प्लास्टर मारून घेतलं. तो म्हणाला, आत ओल हाय भाऊ, चालंल ना? सर्टिफिकेट दाखवलं. त्याने थापी उचलली.
आई मध्ये पडली. ओल्या कुडाला कोंडू नको रे, आतून कुजंल. विचारलं, तुझी शाळा किती? म्हणाली, शाळा नाय, घरं चार लिंपली. अशा लोकांमुळेच गाव मागे आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार
ऑनलाइन मागवलेला ओल मोजायचा मीटर आला. दोन टाचण्या भिंतीत खुपसायच्या. सुकं असेल तर हिरवा दिवा, ओलं असेल तर लाल. भिंतीवर सोळा जागी खुपसला. सोळाही लाल. दाराच्या वरच्या फळीला लावला. हिरवा! म्हणजे खोली वरून सुकायला लागली. हिरव्या दिव्याचा फोटो नम्रताला पाठवला, फळी दिसणार नाही असा.
तिचा रिप्लाय : आधी पंधरा दिवस तुमी झोपा त्या खोलीत.

१४ ऑगस्ट, गुरुवार
सूचना योग्य आहे. पण मला सकाळी कामाला जायचं असतं, झोप मोडून चालत नाही. आईला पडवीतून आतल्या खोलीत हलवलं. टेस्टिंग. गोधडी उचलून गेली.

१८ ऑगस्ट, सोमवार
आई खोकते. सवयीचा खोकला. भिंतीवर काळी बुरशी दिसली, तिच्यावर गुलाबी डिस्टेंपर दिला. कागदावर लिहिलंय, बुरशीवर रंग देऊ नका, जवळ जाताना मास्क लावा. मास्क ट्रेनिंगमध्ये एकच मिळाला होता. तो मी लावला. आई पाठीमागे बसून खोकत होती, रंगात लक्ष लागेना. तिला तसं सांगितलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
बुरशी गुलाबीतून वर आली. रंगाची कंपनी हलकी. आई आता बसूनच झोपते. म्हातारपणी झोप कमी होतेच. नम्रताने फोनवर खोकला ऐकला, विचारलं, कोण खोकतंय? म्हणालो, टीव्ही. नंतर आठवलं, टीव्ही पाण्यात गेलाय, हे मीच तिला सांगितलं होतं.

२४ ऑगस्ट, रविवार, दुपारी
नम्रता आली! टेम्पो घेऊन! वाटलं, सामान परत आणलं. टेम्पो रिकामा होता.
सरळ आतल्या खोलीत गेली, भिंतीला हात लावला. प्लास्टरचा परातीएवढा तुकडा हातात आला. मागे कारवी काळी पडलेली, चिमटीत धरली तर भुगा. ओरडली नाही. म्हणाली, पोरीच्या जागी तुमी आईंना ठेवलंत. मी मीटर आणायला गेलो. येईपर्यंत आईला टेम्पोत बसवलं होतं. देवाचा पाटही नेला. आई कशीबशी दम घेत म्हणाली, जगदीश, डब्यात भाकरी हाय, जेवून घे रे.
एकूण अकरा मिनिटं थांबली.

२६ ऑगस्ट, मंगळवार
आई दवाखान्यात. ऑक्सिजन लावलाय. नम्रताच्या भावाने कळवलं. भेटायला येऊ का विचारलं. म्हणाला, तुमची आई तुमाला विचारतेय, पण ताईला तुमचं तोंड बघायचं नाय.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी
आमच्या घरचा गणपती खर्डीला बसला, सासुरवाडीला. असं कुठे असतं? पण पाट तिकडे. आईच म्हणाली म्हणे, पोरीजवळ बसवा.
आरतीच्या वेळेला आतली भिंत पडली. पडली म्हणता येणार नाही, बसली. आईच्या खाटेवर. खाट मोडली. सर्टिफिकेट शाबूत आहे, लॅमिनेशन केल्यामुळे.

२८ ऑगस्ट, गुरुवार, सकाळी ७
पडवीत झोपलो, आईच्या जागेवर. पडवी उंच, तिला पाणी लागलंच नव्हतं. मीटरने सगळं तपासलं. जमीन हिरवी. खांब हिरवा. आईची इथली जुनी गोधडी हिरवी. माझी उशी लाल. वर पत्रा पाहिला, गळत नाही. पाऊसही नव्हता. उशी उलटी करून परत लावला. लाल.
मीटर खराब आहे. परत करणार.