घशासाठी एक सफरचंद

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रेकॉर्डिंग. दीपगृहाची कादंबरी, उशीएवढी जाड, आवाज माझा. लहानपणी आक्का, माझी थोरली बहीण, मला हीच वाचून दाखवायची. दीपगृहाचा राखणदार, त्याच्या दोन मुली, ते वादळ. आक्काचे डोळे जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले की कानही उतरणीला लागलेत. बारीक आवाज आधी जातील, जाडे थोडे टिकतील. माझा आवाज जाडा. मी तिला शब्द दिला की एप्रिल संपायच्या आत हे पुस्तक तुला माझ्या आवाजात ऐकवतो. ती म्हणाली, बघ बाबा.

बघ बाबा म्हणजे काय? इतकी वर्षं लोक माझा आवाज ऐकतायत.

ही म्हणते, मग रोज संध्याकाळी जाऊन वाचून का दाखवत नाही, दोन गल्ल्या तर पलीकडे राहतात. हिला कसं समजवायचं. घरात बसून वाचतात ते हौशी लोक. मी प्रोफेशनल आहे.

संकल्प: रोज दोन प्रकरणं. रीटेक नाही. चिडचिड नाही.

संध्याकाळी.
आवाज असा लागला की काचेपलीकडे निर्मात्या बाईंचा चहा गार झाला. घशाचा सरंजाम नेहमीचाच. बसण्याआधी एक हिरवं सफरचंद, म्हणजे तोंडातली चिकचिक जाते आणि माईकला फक्त शब्द मिळतात. या धंद्यात सगळेच खातात, मी जरा मनापासून खातो. शिवाय कोमट पाण्यात मध, आणि दिवसभर शुगर-फ्री गोळ्या. शुगर-फ्रीच. तब्येतीच्या बाबतीत मी काटेकोर आहे.

फक्त रेकॉर्डिस्टने तीनदा थांबवलं. त्याचे कान मोठे, त्यावर हेडफोन मोठा, मी मनात त्याला ससा म्हणतो. म्हणाला, काहीतरी गुरगुरतंय. खुर्ची असणार, तसं सांगितलं त्याला.

५ फेब्रुवारी, बुधवार
खुर्ची बदलली. लाकडी स्टूल आणलं. तरी गुरगुर आहेच. एसीचा पाइप असणार. माणूस बोलावला. त्याने अर्धी भिंत उकरली आणि पाइप ठणठणीत आहे असं सांगून गेला. हल्ली कामाची माणसं मिळत नाहीत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सशाने हेडफोन माझ्या कानाला लावला आणि माईक खाली केला. शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत.

पाइप नव्हता.

कुणाला सांगणार. बाहेर येऊन उगाच पिशवीत काहीतरी शोधत बसलो. मग विचार केला, यात लाजायचं काय? भुकेलं पोट वाजतं. उपाय सोपा आहे. उद्यापासून दोन सफरचंदं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
पोट. दिवसभर. लिहवत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
राखणदार मोठ्या मुलीला निरोप देतो ते प्रकरण चालू होतं. अगदी शेवटच्या वाक्यावर पोटात अशी कळ आली की वाक्य तिथेच टाकून पळालो. परत आलो, पुन्हा सुरुवात, पुन्हा पळालो. तिसऱ्या वेळी निर्मात्या बाई दारात उभ्या होत्या. डोळ्यांत काळजी होती, पण नजर घड्याळावर होती. मग तासभर स्टुडिओच्या सोफ्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडलो होतो. सशाने अंगावर यंत्रावरचं कव्हर घातलं. पोट ढोलासारखं टम्म. पट्टा दोन भोकं सैल केला.

भीती वाटते. स्पष्टच लिहितो. या वयात पोटात काहीही निघू शकतं. आक्काला कोण सांगेल?

२४ फेब्रुवारी, सोमवार
सगळे रिपोर्ट आले. काही नाही. रक्त चांगलं, सोनोग्राफी चांगली, कॅमेरा घालून बघितलं तेही चांगलं. डॉक्टर हसतमुखाने म्हणाले, गंभीर काही नाही, आतडं हळवं आहे, आयबीएस म्हणतात त्याला. मला फार बरं वाटलं आणि थोडा अपमानही वाटला. इतकं दुखतंय आणि काही नाही?

त्यांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलंय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
आहारतज्ज्ञ बाई माझ्या भाचीच्या वयाच्या असतील, पण समजावतात छान. म्हणाल्या, काही प्रकारच्या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्याच जात नाहीत. तशाच पुढे सरकतात, जाताना पाणी ओढून घेतात, आणि मोठ्या आतड्यातले जंतू त्यांच्यावर तुटून पडतात. आंबवतात. मग गॅस. होतं हे सगळ्यांच्याच पोटात, पण माझं आतडं जरा ताणलं तरी बोंब मारतं.

मग विचारलं, सकाळी उठल्यापासून काय काय खाता? मी सगळं सांगितलं. काहीएक लपवलं नाही. पाव, दूध, कांदा-लसूण घातलेल्या भाज्या, रविवारी राजमा. त्यांनी मान हलवली. हे सगळं काही आठवडे बंद, मग एकेक करून परत घ्यायचं आणि बघायचं काय सोसतं ते. भात, बटाटा, अंडी, गाजर चालेल.

सरंजामाचं अर्थात सांगितलं नाही. त्यांनी खाण्याबद्दल विचारलं होतं. खाणं म्हणजे ताटातलं. सुतार काय खातो हे सांगताना कुणी त्यात रंधा मोजत नाही.

संकल्प: काटेकोर पथ्य. तपस्वी जीवन.

६ मार्च, गुरुवार
पथ्य इतकं काटेकोर की मलाच माझं कौतुक वाटतं. दुपारी तर जेवतच नाही. पोट हलकं राहावं म्हणून नुसती सफरचंदं. तोंड कोरडं पडतं, म्हणून गोळ्या थोड्या वाढवल्यात.

पोट मात्र पूर्वीपेक्षा वाईट. काहीतरी घरात चुकतंय.

१२ मार्च, बुधवार
हिच्यावर नजर ठेवून आहे. आज भाजीत मला कांद्याचा वास आला. कढई हुंगली. डबे उघडून बघितले. मग विचारलं, खरं सांग, थोडा तरी घालतेस ना? हिने गॅस बंद केला, कचऱ्याची बादली आणून माझ्यासमोर ठेवली. बटाट्याची सालं, गाजराची सालं, अंड्याची टरफलं. मग कळलं की माझं पथ्य सुरू झाल्यापासून हिनेही कांदा सोडलाय, दोन स्वयंपाक नकोत म्हणून. ताट घेऊन खिडकीशी जाऊन जेवली. पाठमोरी.

मी फार वाईट वागलो. सॉरी म्हणायला गेलो तर नेमकं पोट वाजलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

१७ मार्च, सोमवार
निर्मात्या बाईंनी चहाला बसवलं. त्या चहाला बसवतात तेव्हा काहीतरी वाईट असतं. म्हणाल्या, निम्मंही झालेलं नाही, आणि जे झालंय त्यात जागोजागी तुमचं ते आहे. शेवटी म्हणाल्या, आपण ट्रॅफिकवाल्याचा आवाज घेऊन बघितलाय.

ट्रॅफिकवाला म्हणजे तो पोरगा, रेडिओवर कुठल्या रस्त्यावर खोळंबा आहे ते सांगतो. आवाज शिट्टीसारखा. आक्काला त्यातलं अक्षर ऐकू येणार नाही. मी हात जोडले. खरंच जोडले. वादळाचं प्रकरण वाचून दाखवतो, एक संधी द्या, म्हणालो. बाई म्हणाल्या, बरं, अकरा एप्रिल.

२० मार्च, गुरुवार
आहारतज्ज्ञ बाईंकडे. ही सोबत आली, न विचारता. बाई म्हणाल्या, पथ्य इतकं नीट पाळताय, मग फरक पडायला हवा होता. मी म्हणालो, तेच तर. तेवढ्यात ही म्हणाली, आणि सफरचंदांचं काय?

बाईंनी पेन खाली ठेवलं. विचारलं, कुठली सफरचंदं? हिने सगळं सांगितलं. मध. गोळ्या. खिशात हात घालून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. माझ्या खिशात.

बाईंनी बराच वेळ पाकीट वाचलं. म्हणाल्या, सफरचंदात आणि मधात जी साखर जास्त असते तीच तुम्हाला शोषता येत नसावी. सफरचंदात आणखी एक गोड द्रव्य असतं, तेही तसंच, आणि या गोळ्या त्याच जातीच्या गोडीने बनवतात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलंय, जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात. एखादी गोळी निभावली असती, पण पोटात सगळ्यांची बेरीज होते. मी म्हणालो, ते मी वाचलं होतं, मला वाटलं लहान मुलांसाठी असेल. शिवाय हिरवं सफरचंद आंबट असतं, आंबटात साखर कुठून?

ही खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते. या महिन्यात पहिल्यांदा हसली, तेही माझ्यावर.

आक्काची आठवण झाली. लहानपणी घरात सफरचंद आलं की माझ्या वाटणीचं ती खायची. म्हणायची, तुला सोसत नाही रे, रात्रभर रडतोस. ढापायची युक्ती, दुसरं काय. इतकी वर्षं मी मनात ठेवलंय ते.

संकल्प: सरंजाम बंद. बघूच.

४ एप्रिल, शुक्रवार
पोट शांत! पट्टा जुन्या भोकावर. काल आक्काकडे गेलो, तासभर बसलो, एकदाही उठावं लागलं नाही. तिला सगळं ओरडून सांगावं लागतं हल्ली. माझंही निम्मंच पोचतं. पुस्तक कुठवर आलं, विचारत होती. म्हटलं, होत आलं.

पोट बरं झालं त्याचं कारण माझ्या मते हवाबदल. थंडी गेलीय. सफरचंदाचा संबंध असेलही थोडाफार, पण एवढ्याशा फळाला किती श्रेय द्यायचं.

११ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ८.
आज वादळ. चार ओळी मोठ्याने म्हणून बघितल्या. तोंडात चिकचिक. इतक्या मोठ्या दिवशी चिकचिक चालणार नाही. पोट आता बरं झालेलंच आहे, आणि बरं झालेल्या माणसाला पथ्य कशाला? एकच सफरचंद. औषधाएवढं. सोबत थोडा मध, कारण सफरचंदाने घसा कोरडा पडतो. गोळ्या फक्त खिशात.

ही अंघोळीला गेल्यावर खाल्लं. काय चव होती!

दुपारी.
वादळ मी उत्तम वाचलं. हे निर्मात्या बाईही म्हणाल्या. पहिलं पान, दुसरं पान, राखणदार जिना चढतोय, समुद्र खाली फुटतोय, माझ्या आवाजाने काच थरथरत होती. खिशातल्या गोळ्या कधी संपल्या कळलं नाही. मग राखणदार वर पोचतो. दिवा विझलेला. तिथे लेखकाने लिहिलंय, क्षणभर सगळं निःशब्द झालं. मी थांबलो. थांबायलाच हवं होतं तिथे.

पोट थांबलं नाही. लांबलचक, खालून वर चढत जाणारं, मग घुमणारं. सशाने हेडफोन काढला नाही. डोळे मिटून ऐकत होता. संपलं तेव्हा बाई अगदी हळू म्हणाल्या, थँक्यू.

पुस्तक ट्रॅफिकवाल्याला दिलं.

१३ एप्रिल, रविवार
आक्काकडे गेलो नाही. निरोप पाठवला, बरं नाही. खोटं नव्हतं.

२५ मे, रविवार
पुस्तक आलं. सशाने स्वतःहून पाठवलं, सोबत निरोप की वादळाचं प्रकरण आवर्जून ऐका. ऐकवायचं नाही असं ठरवलं होतं. पण आक्का विचारत होती. शेवटी घेऊन गेलो. वाटेत, मन लागेना म्हणून एक सफरचंद घेतलं. खिशात ठेवलं होतं फक्त.

मोठ्या आवाजात लावलं. आक्का कान पुढे करून बसली. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, काही पोचत नाहीये. नुसती शिट्टी. ती हसून मान हलवत होती, मला वाईट वाटू नये म्हणून. मला रडायला येत होतं. सरळ वादळावर नेलं.

राखणदार जिना चढला. दिवा विझलेला. आणि मग दूर समुद्रावर मेघ गडगडले. लांबलचक, खालून वर चढत जाणारे, मग घुमणारे.

तो गडगडाट मी ओळखतो. सशाने फुकट घालवला नव्हता.

आक्का ताठ बसली. म्हणाली, हा तू. मी काही बोलायच्या आत म्हणाली, मी वाचत असायची आणि तू मांडीवर पडलेला असायचास, तेव्हा अस्संच वाजायचं. ते दुसरं कोण चिरचिर करतंय ते बंद कर. तुझ्या तोंडाने वाच की रे. पुस्तक तिथे फळीवर आहे.

मी म्हणालो, आक्का, पोट वाजेल. तिला ऐकू गेलं नाही, की गेलं, कोण जाणे. म्हणाली, आणि खिशात काय आहे? वास येतोय. तिने हात पुढे केला. तोच हात, तसाच पुढे. मी दिलं.

तिच्या कानाशी बसून पहिल्या पानापासून सुरुवात केली. तोंडात चिकचिक होती. चुकलो दोनदा. रीटेक कुणी मागितला नाही. तिने सगळं सफरचंद खाल्लं, सावकाश, देठापर्यंत.

संकल्प: उद्यापासून सफरचंद बंद. आजचं तिने खाल्लं, तेव्हा आजपासूनच म्हणायला हरकत नाही.