शंभरामागे दीड डॉलर

विनेमुका, ३ मार्च १९९४

ती. आर्डिसताईस, सा. न. वि. वि.

इकडे थंडी अजून हटत नाही, बाकी ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम बरं चाललंय. वाईट बातमी तुझ्या भावजयीची, ओपलची. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. एप्रिलच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही डोळ्यांचे चौदा हजार डॉलर. माझ्याजवळ आठ आहेत.

तुझ्यापासून काय लपवू? रीनोला फाशांचा जुगार, क्रॅप्स, खेळायला येतोय. तू वीस वर्षं त्या टेबलापाशी काठीने फासे ओढलेस. साध्या डावावर जुगारघराला शंभरामागे दीड डॉलरही सुटत नाही, हे तूच सांगितलंस. म्हणजे आठ हजारांवर फार तर एकशेवीस जातील. शिवाय मूळ डावामागे जादा पैसे लावता येतात, त्यावर तर ते दमडी घेत नाहीत. मी तिथेच जोर लावणार. रागावू नकोस. लोभ आहेच, पण या महिन्यात जरा जास्त असू दे.

तुझा डेल

रीनो, ७ मार्च

चि. डेल्बर्ट यास अनेक आशीर्वाद, आणि एक थोबाडीत.

अरे शहाण्या, मी सांगितलं ते खरंच, पण तू अर्धंच ऐकलंस! तो दीड डॉलर तुझ्या थैलीवर नाही, प्रत्येक डावावर आहे. तेच शंभर तू तासाला तीसदा मांडणार, आणि दरवेळी ते त्यात आपला हात घालणार. तेही सरासरीने. सरासरी मालकाच्या खिशात पडते, कारण त्याच्याकडे हजारो माणसं खेळतात. तू एकटा आहेस.

आणि मागचे जादा पैसे! त्यावर कपात नाही, म्हणून ते सुरक्षित होत नाहीत रे. पुढे शंभर, मागे पाचशे. सात पडला की सहाशे गेले. असे तेरा फटके, की तू रिकामा. माझ्यासमोर माणसं जेवणाच्या सुट्टीआधी रिकामी झालीत.

आठ हजारांत एक डोळा नक्की होतो. तो करून घे. मला खरंच भीती वाटते. ओपलला गोड पापा. मोठ्या बहिणीचं एकदा तरी ऐकावंस, एवढंच मागणं.

आर्डिस

विनेमुका, १५ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

उगाच घाबरवलंस! तीन हजार जिंकून आलो. आता अकरा झाले, आणखी तीनच हवेत. एक डोळा करून घे म्हणतेस, पण कुठला करू? ते ओपलला मी कुठल्या तोंडाने विचारू? शुक्रवारी पुन्हा येतोय. तुझ्या मायेवर भरवसा ठेवणारा,

डेल

रीनो, १७ मार्च

चि. डेल, आशीर्वाद.

माझ्या दारावरून गेलास आणि कॉफीलाही थांबला नाहीस. काल ओपलशी फोनवर बोलले. ती हसत सांगत होती की, तिचे थेंब सात वाजता घालायचे असतात, पण तू 'सात' म्हणतच नाहीस, 'आठच्या आधी' म्हणतोस. मला हसू आलं नाही. टेबलापाशी तो आकडा कुणी उच्चारत नाही, तो पडला की सगळं जातं म्हणून. पण घरी, बायकोच्या औषधालाही? अकरा हजार घेऊन दवाखान्यात जा, बाकीचं माझं मी बघते. पाया पडते तुझ्या. शुक्रवारी येऊ नकोस.

तुझीच आर्डिस

विनेमुका, २३ मार्च

ती. वन्संना ओपलचा सा. न.

अक्षर मोठं आणि वाकडं आहे, सांभाळून घ्या. जाड पेनानेच काय ते लिहिता येतं.

हे शुक्रवारी गेले, रविवारी बसने परत आले. गाडीही नाही. दवाखान्यातली तारीख मीच फोन करून रद्द केली. त्यांच्यावर ओरडू नका. ते जेवत नाहीत. हिशोब बरोबर होता, एवढंच पुटपुटत बसतात.

सारखे माझ्यासमोर येऊन बसतात आणि विचारतात, माझा चेहरा दिसतो का गं? मी हो म्हणते. दाढी वाढलीय, म्हणते, करून टाका. ते लगेच उठतात आणि दाढी करतात.

वन्सं, मला त्यांची फक्त टोपी दिसते. हे त्यांना कधीही कळू देऊ नका. आमच्या दोघांवरही माया राहू द्या.

आपली ओपल